मा

एकदा एका खाडीकाठच्या बंदरात एक वृद्ध आचार्य राहत होते. देशोदेशीच्या भाषा जाणणारा असा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. समुद्र शांत असला की गलबतं येत, आणि गलबतांबरोबर माणसं येत. ती माणसं आपापली भाषा बोलत आणि आचार्य ती ऐकत बसत. असं करता करता त्यांचं आयुष्य सरलं. शेवटच्या काळात त्यांची दृष्टी गेली आणि ऐकण्यावरच सारा भार आला.

त्यांच्यापाशी हरदेव नावाचा एक शिष्य होता. तो बुद्धिमान होता आणि आपण बुद्धिमान आहोत हे त्याला माहीत होतं. आचार्यांना जे शिकायला पन्नास वर्षं लागली, ते त्यानं दहा वर्षांत आत्मसात केलं. एखादा शब्द कानावर पडला, की तो कुठल्या देशात काय अर्थानं बोलतात आणि मुळात कुठून निघाला, हे तो सहज सांगे. लोक त्याला शास्त्रीबुवा म्हणत. त्याला ते आवडे.

गलबतांचा हंगाम संपत आला होता. परदेशी व्यापारी आपापल्या देशी निघून गेले होते. अमावस्येच्या आदल्या दिवशी समुद्रात मोठं वादळ झालं, आणि अमावस्येच्या सकाळी ओहोटीच्या वेळी कोळ्यांना वाळूत एक माणूस पडलेला दिसला. फळीच्या तुकड्याला त्यानं मिठी मारली होती. अंगावर लांब झगा होता, त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. ओठ फुटले होते, जीभ सुजली होती. कोळ्यांनी त्याला उचलून चांगा तांडेलाच्या पडवीत आणून निजवलं. चांगा हा त्या कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्यांचा म्होरक्या. त्याची बायको, राघूबाय, त्या माणसाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होती, तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि तो म्हणाला,

"मा."

एवढा एकच उच्चार. मग घशातून नुसती घरघर, आणि पुन्हा, "मा."

पडवीत गर्दी जमली. एक गुजराती व्यापारी हंगाम संपत आला तरी मागे राहिला होता. तो गहिवरून म्हणाला, "बिचारा आईला हाक मारतोय. आमच्याकडे मा म्हणजे आई."

देवळाचे पुजारी म्हणाले, "संस्कृतात मा म्हणजे नको. त्याला कोणी हात लावलेला नको असेल."

तेलंगणातून कापड घेऊन आलेला एक हमाल मागून म्हणाला, "आमच्यात मा म्हणजे आमचं."

"आमचं काय?" कोणीतरी विचारलं, आणि हमालानं खांदे उडवले.

चांगा तांडेल उंबऱ्यात उभा होता. त्याची माणसं वल्ही खांद्यावर घेऊन अंगणात थांबली होती. तो म्हणाला, "शास्त्रीबुवांना बोलवा. काय ते एकदा कळू द्या. गलबत फुटलं असंल, तर बाहेर एक फेरी मारून येऊ. पण आज आवस हाय, पानी चढायच्या आत जायला पायजे."

हरदेव आला. लोकांनी त्याला वाट करून दिली. त्यानं वाकून त्या माणसाकडे पाहिलं, त्याचा उच्चार दोनदा ऐकला, आणि मग सरळ होऊन लोकांकडे वळला.

त्या वेळी त्यानं जे विवेचन केलं, त्याची आठवण त्या गावात पुढे कोणी काढली नाही. पण त्या घटकेला मात्र सारे भारावून ऐकत होते. हरदेव म्हणाला, "शब्द एवढासा, पण त्याची घरं पाहा किती. शेठ म्हणतात ते खरं, मा म्हणजे आई. तान्ह्या मुलाचे ओठ मिटून उघडले की पहिला हाच आवाज निघतो, म्हणून कितीतरी देशांत आईला हाच शब्द आहे. पार चीन देशातसुद्धा. मात्र तिथं सूर बदलला की आईचा घोडा होतो."

लोक हसले.

"पुजारीबुवांचा मा निषेधाचा. तोही खरा. हमालदादांचा तेलंगी मा, तोही खरा. फारशी भाषा बोलणाऱ्यांत मा म्हणजे आम्ही." इथं हरदेव क्षणभर थांबला, वाळूतून आणलेल्या त्या एकट्या देहाकडे त्यानं पाहिलं आणि हसून म्हणाला, "पण एकट्या माणसाच्या तोंडी 'आम्ही' कशाला येईल? तेव्हा तो बाद. आता याचा झगा बघा. हा पोशाख अरबांचा. आणि अरबी भाषेत मा म्हणजे पाणी. याची जीभ बघा, ओठ बघा. अजून काही सांगायला हवं?"

नेमका त्याच वेळी त्या माणसानं हात उचलून उघड्या दारातून समुद्राकडे बोट दाखवलं. "मा," तो म्हणाला.

"हे बघा," हरदेव म्हणाला.

राघूबायनं लोटी त्याच्या ओठांना लावली. तो घटाघटा प्यायला. अर्धं पाणी छातीवर सांडलं तरी तो पीतच राहिला. पडवीत समाधानाचा एक निःश्वास पसरला. कोणी म्हणालं, "शास्त्रीबुवा होते म्हणून जीव वाचला." हरदेवानं ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

लोटी संपली. त्या माणसानं ती बाजूला सारली आणि पुन्हा तोच शब्द म्हणाला. पुन्हा समुद्राकडे बोट. राघूबायनं पुन्हा लोटी भरली. या खेपेला त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो कोपरावर उठला आणि दाराच्या दिशेनं सरपटू लागला.

"वात झालाय त्याला, भ्रमात आहे," हरदेव म्हणाला. "समुद्र दिसतो म्हणून तहान भागत नाही. आत न्या, आणि समुद्राकडचं दार लावून घ्या."

दोघांनी त्याला धरलं. एवढ्या अशक्त माणसात इतका जोर कुठून आला कोणास ठाऊक, पण त्यांना बळ लावावं लागलं. आतल्या खोलीत नेऊन त्याला निजवलं आणि दार लावून घेतलं.

चांगा तांडेल अजून अंगणातच उभा होता. त्यानं विचारलं, "मग शास्त्रीबुवा, आमी जावं का ऱ्हावं?"

"कशासाठी जाता? त्याला पाणी हवं होतं, ते मिळालं."

चांगानं समुद्राकडे पाहिलं. लाटा अजून मोठ्या होत्या. त्यानं आपल्या माणसांना खूण केली, आणि त्यांनी वल्ही खाली ठेवली.

आचार्य आदल्या दिवसापासून खाडीपलीकडच्या गावात होते. वादळामुळे खाडी ओलांडायची नाव बंद होती. ते परत आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि पाणी चढायला लागलं होतं. धक्क्यावरच हरदेवानं त्यांना गाठलं आणि सकाळची हकीकत सांगितली. मा शब्दाची सगळी घरं त्यानं पुन्हा एकदा फिरून दाखवली. शेवटी म्हणाला, "आणि आचार्य, तो पाणी प्यायला. अर्थ सिद्ध झाला."

"पाणी प्यायल्यावर तो शब्द म्हणायचा थांबला?" आचार्यांनी विचारलं.

"नाही. पण वात..."

"तू त्याच्याशी फारशीत बोललास?"

"तशी गरज वाटली नाही."

आचार्य हरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. ते इतक्या वेगानं चालले, की दोनदा अडखळले.

आतल्या खोलीत तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठ अजून हलत होते, पण आवाज जवळजवळ नव्हताच. आचार्यांनी आधी समुद्राकडचं दार उघडायला लावलं. मग ते जमिनीवर बसले, आपला कान त्या माणसाच्या ओठांपाशी नेला आणि बराच वेळ तसेच राहिले. दाराशी पुन्हा गर्दी झाली होती. आता आचार्य काय अर्थ सांगतात, याची सगळे वाट पाहत होते.

आचार्यांनी अर्थ सांगितला नाही. त्यांनी त्या माणसाचा हात हातात घेतला आणि त्याच्याच स्वरात, विचारल्यासारखं, हळूच म्हटलं, "मा?"

गर्दीत कोणीतरी हसू दाबलं. म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही असं एखाद्याला वाटलंही असेल. हरदेवाला गुरूंच्या वतीनं संकोच वाटला.

पण त्या माणसाचे ओठ हलायचे थांबले. त्यानं मान वळवली.

"मा?" आचार्य पुन्हा म्हणाले.

त्या माणसानं आपला हात सोडवून घेतला. अंगठा तळव्यात मुडपला, चार बोटं उभी केली आणि ती आचार्यांच्या तळहातावर टेकवली. मग आचार्यांचाच हात धरून तो त्यानं समुद्राकडे केला.

आचार्य उठून उभे राहिले. "चांगा, होड्या काढ," ते म्हणाले. "बाहेर चार माणसं आहेत. तो सकाळपासून आम्ही, आम्ही म्हणतोय."

हरदेवाला कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो शब्द त्यानं स्वतः उच्चारला होता, त्याचा खरा अर्थ चारचौघांत सांगितला होता, आणि लोकांना हसवून तो बाद केला होता.

खाडीच्या तोंडापासून आत समुद्रात एक काळा कातळ आहे. एरवी भरतीतही त्याचा माथा कोरडा राहतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र तो बुडतो. गलबत फुटलं तर माणसं धरून राहतील अशी तेवढी एकच जागा. चांगानं त्या दिशेनं होड्या घातल्या. हरदेव त्याच्या होडीत बसला. त्याला कोणी ये म्हणालं नाही, येऊ नको असंही म्हणालं नाही. त्यानं वल्हं मागितलं आणि जन्मात पहिल्यांदा तो वल्हवू लागला. थोड्याच वेळात तळहात सोलून निघाले, पण भरतीचं पाणी समोरून येत होतं आणि होडी जागच्या जागी आहे असं वाटत होतं.

"सकाळी पानी उतरत होतं, तवा वसाटीबरोबर गेलो असतो," एक तरुण कोळी म्हणाला, "तर पानीच घेऊन गेलं असतं आपल्याला."

"गप ऱ्हा," चांगा म्हणाला.

ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. कातळ दिसत नव्हता. जिथं तो असायला हवा तिथं पांढरा फेस उसळत होता. होड्या भोवती फिरत राहिल्या. ते हाका मारत होते. हरदेव फारशीत हाका मारत होता, मग अरबीत, मग येतील त्या साऱ्या भाषांत. त्याला जेवढ्या भाषा येत होत्या, त्या सगळ्या त्यानं त्या फेसावर ओतल्या. उत्तर आलं नाही.

पाणी उतरू लागलं तसा कातळाचा माथा वर आला. वरच्या सुळक्याला एक पागोटं घट्ट गुंडाळलेलं होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाचं मनगट बांधलेलं होतं. तो तरुण होता. त्याच्याशेजारी आणखी तीन गाठी होत्या, त्या रिकाम्या होत्या. चांगानं त्या देहाच्या छातीवर हात ठेवला, आणि बराच वेळ तो काढला नाही.

"अजून ऊब हाय," तो म्हणाला. "उन्हाची असंल." आणि मग कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमी जाऊ नका बोललात, तवा मला बरं वाटलं होतं. लाटा मोठ्या होत्या. तुमी नाय बोलावं असंच मला वाटत होतं."

हरदेवानं ऐकलं. त्या बोलण्यानं त्याचा भार तसूभर हलका झाला नाही.

परत आल्यावर तो आचार्यांच्या पायांशी बसला. दिवस मावळत होता. मग हरदेव म्हणाला, "मला सगळे अर्थ येत होते."

"हो. म्हणून तर तुला निवड करता आली."

"आपण कसं ओळखलंत?"

"मी ओळखलं नाही," आचार्य म्हणाले. "तुला जेवढे अर्थ ठाऊक होते तेवढेच मलाही ठाऊक होते, आणि त्यातला कोणता खरा ते मला कळत नव्हतं. म्हणून मी त्याचा शब्द त्याला परत दिला. शब्द ज्याचा, अर्थ त्यालाच विचारावा लागतो. तू त्याला पाणी दिलंस ते योग्यच केलंस. त्याला तहान लागली होती. पण तो प्यायला, एवढ्यावरून तहान सिद्ध होते. शब्दाचा अर्थ तसाच उरतो. तुला उत्तर मिळालं आणि तू ऐकायचं थांबलास. तो त्यानंतरही बोलत होता, हरदेवा. तू दार लावून घेतलंस."

हरदेवानं डोकं गुडघ्यांत घातलं.

आचार्य काही वेळानं म्हणाले, "फार पूर्वी आपलं संस्कृत 'अस्माकम्' आणि फारशीतला हा शब्द एकाच घरात होते. त्यांच्याकडे दोन्ही टोकं झिजली आणि मधलं मा उरलं. आपल्याकडे त्याच घराण्यातून 'आम्ही' आलं. म्हणजे त्या सगळ्या अर्थांत तुझ्या सर्वांत जवळचा, सख्ख्या नात्यातला तोच होता."

"आचार्य, याला प्रायश्चित्त काय?"

"मला ठाऊक नाही."

"शास्त्रांत काहीतरी असेल."

"असेल. पण त्यानं त्या रिकाम्या गाठी भरायच्या नाहीत. मी तुला दहा वर्षं शब्द शिकवले. एकदाही तुला कोणा आजाऱ्याजवळ बसवलं नाही. आता एक काम आहे. त्याला शुद्ध येतेय. तो विचारील. त्याच्या भाषेत सांगू शकेल असा या गावात माझ्याखेरीज तूच आहेस. मी सांगितलं असतं. पण ते तुझंच सांगणं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरदेव तांडेलाच्या घरी गेला. त्या माणसाचा ताप उतरला होता. राघूबाय त्याला पेज भरवत होती. हरदेवाला पाहताच त्यानं वाटी बाजूला केली. हा तोच माणूस, ज्यानं आपल्याला आत न्यायला सांगितलं, हे त्याला आठवत होतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "मा?"

हरदेवानं रात्रभर वाक्यं जुळवली होती. फारशी मृदू भाषा आहे. दुःखाची वार्ता सांगायला तीत किती आर्जवी वळणं आहेत, ती सगळी त्याला पाठ होती. त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघालं नाही. तो त्या माणसाच्या समोर जमिनीवर बसला, त्याचा हात हातात घेतला आणि मान हलवली. मग फारशीत एवढंच म्हणाला, "उशीर झाला. माझ्यामुळे झाला."

त्या माणसानं हात ओढून घेतला नाही. तो दाराबाहेर पाहत राहिला. समुद्र शांत होता आणि उन्हात चमकत होता. शेवटी त्याच्या ओठांतून एक शब्द आला. तो हाक मारल्यासारखा नव्हता, विचारल्यासारखाही नव्हता. एखाद्यानं नवीन शब्द प्रथमच म्हणून पाहावा, तसा तो म्हणाला,

"मन."

राघूबायच्या डोळ्यांना धार लागली. "मन म्हनतोय ना त्यो?" ती म्हणाली. "मनाला लागलं त्याच्या. लागनारच. शास्त्रीबुवा, काय म्हनतोय?"

हरदेवाला या खेपेला संशय नव्हता. फारशीत 'आम्ही'ला जसा मा, तसा एकट्यासाठी मन. कालपर्यंत ज्याच्या तोंडी पाच जणांचा शब्द होता, त्याच्यापाशी आज एवढाच उरला होता. हरदेवानं तोंड उघडलं. त्याला तो अर्थ सांगणं फार जड गेलं.

"मी," तो म्हणाला.

राघूबाय त्याच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, तो स्वतःविषयीच बोलतो आहे. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "असं नका बोलू. आमी सगळीच होतो की तितं."

हरदेवानं तिची समजूत दुरुस्त केली नाही.